शिंप्याच्या भिंतीवरची बाई

सोमवार, ३

आलो एकदाचा, आणि काम बघून तब्येत खूश झाली. नदीकाठची जुनी वस्ती, चढउताराच्या गल्ल्या, आणि दर दोन-चार घरांआड एक रंगवलेली भिंत. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो, इथल्या भिंतींना तोंडंही आहेत! प्रत्येक भिंतीवर एक हकिकत, आणि तीही ज्या घराची भिंत त्याच घराची. कुठे छपरावरून पडलेला गवंडी, कुठे उलटलेली होडी. उन्हापावसाने सगळं विटलं आहे. ते पुन्हा उजळायला वस्तीने मिळून मला बोलावलं. पाट्या रंगवता रंगवता मी माणसं काढायला शिकलो, कुणी शिकवलं नाही, बघून बघून चोरलं. आता लोक परगावाहून बोलावतात म्हटल्यावर कॉलर जराशी ताठ होणारच.

राहायची सोय शिंप्याच्या घरी, वरच्या खोलीत. खाली त्याचं दुकान, आत स्वयंपाकघर, त्याला लागून मागचं दार. ते उघडलं की पायऱ्या थेट पाण्यात. शिंपी उंच आणि वाकलेला. ओठांत टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं टाचण्याच खातात. उरलेलं त्याची थोरली बहीण भरून काढते, जिला सगळी गल्ली आत्या म्हणते. मी जिना चढेपर्यंत तिने विचारून घेतलं की लग्न झालंय का, बायको कुठाय, आणि तिला एकटीला टाकून येताना लाज कशी वाटली नाही. सांगितलं की शनिवारी येतेय. मग म्हणाली, तोवर जेवायला खाली येत जा, आणि जेवताना जरा कमी बोलत जा. मी तोवर धड दोन वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो.

ही नाही, म्हणून ही वही. दिवसभर ऐकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं अन्न पचत नाही.

मंगळवार, ४

इथली रीत न्यारी. भिंतीला ब्रश लावण्याआधी घरच्या माणसाने भिंतीपुढे बसून हकिकत सांगायची, रंगाऱ्याने ऐकायची, आणि जुन्या चित्रात होतं तेवढंच काढायचं. त्यात भर घालायची नाही. घरात तर त्या हकिकतीचा उच्चारही नाही. का, म्हणून विचारलं तर आत्या म्हणाली, भिंतीवर राहिली की घरात येत नाही. जशी काही घूसच!

सुरुवात शिंप्याच्याच भिंतीपासून. त्याच्या आजोबांच्या वेळची गोष्ट. घरची सून दिवेलागणीला स्वयंपाकघरात होती. मागच्या दाराबाहेरून तिच्या आईने हाक मारली. आई तर केव्हाच मेलेली. घर माणसांनी भरलेलं, पण जो तो आपापल्या कामात. सुनेने ‘आले गं’ म्हणून ओ दिली, पायऱ्या उतरली आणि गेली. पुढे काही नाही. शिंपी म्हणाला, नुसत्या हाकेनं माणूस जात नाही, ओ दिली की मग जावंच लागतं. हे सांगण्यापुरत्या त्याने टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या होत्या.

चित्र सोपं आहे. उघडं दार, पायऱ्या, पाणी, आणि वरच्याच पायरीवर मान वळवून आपल्याकडे बघणारी ती बाई. बघणारी म्हणायची एवढंच, कारण चेहरा कोरा. सगळ्या गल्लीत तसंच. एकाही माणसाला नाकडोळे नाहीत. आधीच्या रंगाऱ्याचा हात चेहऱ्यावर बसला नसावा. आमच्या धंद्यात असे पुष्कळ. झाडं झकास काढतील, माणसं म्हणाल तर बुजगावणी.

बुधवार, ५

भिंत झाली. दार इतकं उघडं उतरलंय की एक म्हातारा जाता जाता बिचकून बाजूला झाला.

आणि चेहराही काढला. शिंपी मापं घ्यायला बाहेर गेला होता, विचारणार कुणाला? काम अर्धवट टाकून परांचीवरून उतरणं माझ्या स्वभावात नाही. पाट्या रंगवायचो तेव्हाही कोपऱ्यात एखादं फूल माझ्याकडून फुकट असायचं, आणि गिऱ्हाईक त्या फुलासाठीच परत यायचं. बाईचा चेहरा म्हणाल तर माझ्या हाताला एकच ठाऊक आहे, तो हिचा. साबणाची जाहिरात असो नाहीतर शाळेची भिंत, माझ्या ब्रशातून बाई उतरली की ही. ती कुरकुरते. म्हणते, गावोगाव मला भिंतीला चिकटवून ठेवलंय, निदान विचारत तरी जा. आजची मात्र झकास साधली. डाव्या भुवईचं टोक जरासं वर, म्हणजे आता काहीतरी सुनावणार.

गुरुवार, ६

सकाळी खाली मशीन चालू होतं, ते एकाएकी थांबलं. गेलो तर शिंपी भिंतीपुढे उभा. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. विचारलं, हा चेहरा कुणाचा. मी ऐटीत सांगितलं, आमच्या घरातल्यांचा. त्यावर त्याने विचारलं, त्या हयात आहेत का.

आत्या बाहेर आली, तिने चित्र पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग सुरू झाली. अरे मेल्या, सांगितलं तेवढं करायला काय झालं होतं, चेहरे कोरे ठेवतो ते काय आम्हाला नाकं काढता येत नाहीत म्हणून? हकिकतीला चेहरा मिळाला की ती भिंतीवर बसून राहत नाही, त्या माणसाला हुडकायला निघते. मी हसलो. ती दोघं हसली नाहीत.

दुपारी हिला फोन केला, सहज. इकडचंतिकडचं झाल्यावर ती आपणहून म्हणाली, अहो, एक गंमतच झाली. काल दिवे लावायच्या सुमाराला मागच्या अंगाने आईने हाक मारली. अगदी तिच्यासारखीच, शेवटचं अक्षर लांबवून. मी उठलेसुद्धा, मग आठवलं, आई कुठली आता.

विचारलं, ओ दिलीस का. म्हणाली, तोंडात घास होता म्हणून राहिली.

तिच्या आईला जाऊन कितीतरी काळ लोटला. आणि काल दिवेलागणीला मी भिंतीवर भुवईचं टोक वर नेत होतो.

शुक्रवार, ७

उजाडताच चुना कालवला आणि चेहऱ्यावर जाड हात मारला. विषय संपला म्हणून खाली उतरतोय तोच फोन. हिचाच, पण आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. दिसत नाही म्हणाली. सगळं पांढरं. श्वास घेता येईना. मी फोन तसाच टाकून परांचीवर धावलो, ओल्या फडक्याने चुना पुसला, हाताने पुसला, बाहीने पुसला. तिचे डोळे मोकळे झाले तेव्हा खाली पडलेल्या फोनमधून तिचा श्वास ऐकू आला. वरपर्यंत.

म्हणजे पुसता येत नाही. खरवडायचा तर विचारसुद्धा नको. दुसऱ्या बाईचे डोळे चढवावेत म्हणून एका पत्र्यावर हात चालवून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी हीच.

तिला सगळं सांगितलं आणि बजावलं, येऊ नकोस, आणि कुणीही हाक मारो, ओ देऊ नकोस. ती म्हणाली, जन्मभर तुमच्या हाकेला ओ देत आले, आता म्हणताय देऊ नको. मग आवाज उतरवून म्हणाली, हाक तर इथेही येतेच आहे. तिथे निदान तुम्ही असाल.

शेवटी म्हटलं, ये.

शनिवार, ८

बसथांब्यावर उभा होतो. बस आली, ही उतरली नाही. घरी आलो तर ही स्वयंपाकघरात. आत्या भिंतीला टेकून, पांढरीफटक. म्हणाली, मागच्या दाराने आली. पायऱ्यांवरून. पावलं ओली होती, आणि काडेपेटी कुठे असते ते विचारावं लागलं नाही.

हिला विचारलं, इकडे कशी पोचलीस. म्हणाली, कशी म्हणजे, घरी येतात तशी. मग नेहमीसारखी माझ्या शर्टावरून बोलली, सुकलात म्हणाली. तीच होती. माझीच.

भिंत बघून आलो. चित्रातली बाई वरच्या पायरीवर नाही. खाली उतरली आहे. मी वर काढलेला रंग तिथे नाहीच, नुसत्या रिकाम्या पायऱ्या.

दिवेलागणीला तिचा हात धरून बसलो आणि मोठमोठ्याने बोलत राहिलो, काहीबाही, लग्नातले किस्से. मध्येच तिची मान दाराकडे वळली. म्हणाली, जरा गप्प बसा ना, आई काय म्हणतेय ऐकू येत नाही.

तोंडावर हात दाबला तिच्या. रडली. मीही.

रविवार, ९

बाई आणखी खाली. घोटे पाण्यात.

शिंप्याने दुकान उघडलं नाही. आत्याने पुन्हा तीच हकिकत सांगितली, आणि या वेळी मला एक गोष्ट ऐकू आली. त्या सुनेजवळ दारात कुणी नव्हतं. म्हणजे तिच्या मागच्या पायरीवर कुणीतरी काढला, तिचं मनगट धरलेला, तर?

शिंपी म्हणाला, कोऱ्या माणसाचा उपयोग नाही. चेहरा लागेल. आणि मग हाक त्यालाही येईल. दोघांतला जो आधी ओ देईल तो जाईल, दुसरा सुटेल.

मी म्हटलं, आरसा आणा.

स्वतःचा चेहरा कधी काढला नव्हता. शिंप्याने आरसा धरला, त्याचे हात कापत होते, त्यामुळे मीही कापरा उतरलो. चालेल. पकड घट्ट काढली आहे.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी शांत झोपली. बाई तिथेच थांबली आहे. मी तिला धरून.

सोमवार, १०

सकाळी ही हसली. भूक लागली म्हणाली. दोनदा वाढून घेतलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

दिवेलागण व्हायला आली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, आत्या चुलीपाशी. डाव्या हाताने तिचं मनगट धरलंय, उजव्याने हे लिहितोय. लिहीत राहिलो तर तोंड बंद राहील —

माझे कान तिखट आहेत. पाण्याचा आवाज थांबलेला कळला.

वाटलं होतं माझी आई येईल. तयारी केली होती. आई नाही.

‘अहो.’

मागच्या दारातून. हिचा आवाज. भुवई वर करून हाक मारते ना, तशीच — आणि ही तर माझ्यासमोर, ओठ मिटलेले —

पुन्हा. लाडाने.

हिलाही काहीतरी ऐकू येतंय. मान वळली. मनगट ओढतेय. ताकद फार आहे, माझ्याहून —

आत्या, धर हिला, मी गेल्यावर घट्ट —

ओठ उघडतेय. नको गं. थांब. तुझ्या आधी मीच म्हणतो —

आलो गं, आ