काठावरच्या मनुका

४ रजब, बुधवार

सुलतानांच्या महालाचं दार बंद झालं. आतून! ताप आलाय म्हणे. वजीरांचा हुकूम असा — हकीम आणि खास खिदमतगार याकूत सोडून कुणी उंबरा ओलांडायचा नाही; आतले चार नोकर आतच राहायचे. त्या चारांत आमचा पोरगा शादमान. मोरपिसांचं मोर्चेल ढाळतो ना तो सुलतानांवर. सकाळी डोकं विंचरून गेला तो आतच राहिला.

माहरूला म्हटलं, दोन दिवसांत उतरेल ताप. तर म्हणते, "ताप त्यांना, मग कोंडायचं माझ्या लेकाला का?" या बाईला उत्तर देऊन जिंकलंय कुणी आजवर?

माझं काम नेहमीसारखंच — सुलतानांच्या आधी घास मी घ्यायचा, विष असेल तर मला लागावं. मटणाची यखनी चाखली, पुलाव चाखला, सरबताचा घोट घेतला. जिवंत राहिलो! याकूतने ताट उचललं, आत नेलं.

५ रजब, गुरुवार

ताट परत आलं.

पुलाव अर्धा संपलेला. आणि ताटाच्या काठावर, एकीला एक लावून, मनुकांची रांग!

सुलतान मनुकांशिवाय घास उचलत नाहीत. कमी पडल्या तर बावर्च्याच्या सात पिढ्या काढतात. मनुका वेचून काठावर लावणारा माणूस या गडावर एकच — माझा पोरगा. दूध सुटल्यापासूनची खोड. माहरूने फटके देऊन पाहिले, लाडीगोडी करून पाहिली. गेल्या ईदेला याकूत आमच्याकडे जेवला, तोसुद्धा हसला होता — "उस्ताद, तुझा मुलगा जेवतो की दागिना घडवतो?"

म्हणजे सुलतानांचं ताट शादमान जेवतोय. म्हणजे ते जेवणारे उरले नाहीत.

लिहिलं एकदाचं. हा कागद पिठाच्या रांजणात जाईल. कुणाच्या हाती लागला तर माझं डोकं वेशीवर लागेल.

पण खरं सांगू? धनी गेला याचं दुःख नाही झालं मला. पोरगा जेवला याचा आनंद झाला. लाज वाटते लिहायला.

६ रजब, शुक्रवार

मशिदीत जुम्म्याचा खुतबा सुलतानांच्याच नावाने झाला; ज्याच्या नावाने खुतबा, तख्त त्याचं. त्यांच्या दीर्घायुष्यासाठी दुवा मागितली. सगळे म्हणाले, आमीन. मीही म्हणालो. मोठ्याने.

७ रजब, शनिवार

नौबत वेळेवर झडते. पालखी स्वच्छ करून ठेवतात. हत्ती रोज महालाखाली येऊन सोंड उचलतो, वरचा झरोका मात्र बंद!

अब्बा आठवतात. त्यांनी दिल्लीत दोन घराण्यांचं मीठ चाखलं, मग इथे आले. म्हणायचे, "बाळ, सुलतान मेलेला ज्याने पाहिला, तो नवा सुलतान बघत नाही. साक्षीदार कुणालाच नको असतो." तेव्हा वाटायचं, म्हातारा घाबरवतोय. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही. शादमानने पाहिलंय. उशाशीच उभा असणार तो.

माहरूने ओळखलं. माझा चेहराच मेला चुगलखोर! सगळं सांगावं लागलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसती म्हणाली, "मनुका घेऊन या."

८ रजब, रविवार

आणल्या. फेट्याच्या शेवात बांधून, चोरासारख्या. माहरूने एकेक उचलून पाहिली. हातात धरून बसली. मग आपल्या चांदीच्या डबीत ठेवल्या. "त्याच्या बोटांच्या आहेत," म्हणाली. ते ऐकून मी अंगणात निघून गेलो.

संध्याकाळी इलियास आला. माहरूचा भाऊ. पश्चिम दरवाज्यावर पहारा त्याचा. खाली नदीकाठी सुलतानांच्या धाकट्या भावाची फौज तळ देऊन बसलीय, हे गडावर पोराटोरांनाही ठाऊक आहे.

"भाऊजी, एकच शब्द सांगा. आहेत की गेले?"

"मी चाखणदार. हकीम नाही."

"गेले असतील तर तख्त भावाचं. मी दरवाजा उघडतो. वजीराला पळता भुई थोडी होईल, आणि आपला शादमान बाहेर येईल!"

"कसा बाहेर येईल? तुम्ही दार फोडेपर्यंत आतले काय टाळ्या वाजवत बसतील? पहिली सुरी त्याच्या गळ्यावर फिरेल!"

"म्हणजे गेलेत."

"जेवतात," मी म्हणालो. "स्वतःच्या हाताने जेवतात. जा आता."

इलियासने माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास बसला त्याचा. माझ्यावर नाही बसणार तर कुणावर!

माहरू चुलीपाशी सगळं ऐकत होती.

९ रजब, सोमवार

मनुका आल्या. आज रांग जरा वाकडी. घाईत लावली असेल का त्याने?

१० रजब, मंगळवार

याकूतला गाठलंच. भटारखान्यामागे, विहिरीपाशी. वीस वर्षांची ओळख आमची. हबशी माणूस, लहानपणीच विकला गेलेला, ना बायको ना पोर. शादमानला यानेच मोर्चेल धरायला शिकवलं.

"पोरगा बरा आहे ना रे?"

"ताट बघतोस ना रोज? मग मला कशाला विचारतोस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ताट खोटं बोलतं का, उस्ताद?" एवढं म्हणाला आणि पोहरा विहिरीत सोडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भारी शहाणा! एक धड शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? पण तोही पहाऱ्यातच आहे. रागावून काय करू.

११ रजब, बुधवार

शाई दोनदा सांडली. अक्षर बघा.

दुपारी दरबारात बोलावलं. सगळे अमीर जमलेले. म्हातारे अमीर हटून बसलेले — सुलतान दाखवा, नाहीतर आम्ही खाली भावाकडे जातो. वजीर शांत. म्हणाले, "ताप संसर्गाचा आहे, आत कुणाला सोडता येणार नाही. पण चाखणदाराला विचारा. याच्या बापापासून हे घर मिठाला जागलेलं आहे."

मिठाची वाटी पुढे आली. जिभेवर मीठ ठेवून खोटं बोललेला चाखणदार मी ऐकलेला नाही. आमच्या धंद्यात तेवढं एकच पाप.

वजीर अगदी हळू आवाजात म्हणाले, "घरचे सगळे ठीक ना? मुलगा?"

मीठ जिभेवर ठेवलं.

"सुलतान जेवतात. ताट रोज अर्धं संपतं."

दुसरं वाक्य तर खरंच होतं! असं मनाला बजावत घरी आलो. चूळ भरली, पुन्हा भरली. मीठ काही जात नाही.

माहरूला सांगितलं. तिने पाणी दिलं. म्हणाली, "माझ्या लेकासाठी मी कुराणावर हात ठेवून खोटं बोलले असते."

१२ रजब, गुरुवार

सर्वनाश.

माझ्या शपथेवर भरवसा ठेवून सुलतानांचा भाऊ मूठभर माणसं घेऊन वर आला. आजारी भावाला भेटायला. टोपलीभर डाळिंबं घेऊन आला होता म्हणतात. दुसऱ्या दरवाज्यातच पकडला. तो कुठे आहे हे आता कुणी विचारत नाही. डाळिंबं भटारखान्यात आली.

इलियास दारापर्यंत आला. आत आला नाही. "तुमच्या जिभेवर विश्वास ठेवून मीच दरवाजा उघडला, भाऊजी." एवढंच बोलला नि गेला. बहिणीकडे वळून पाहिलंही नाही त्याने.

ताटावर मनुका होत्या. मी त्याच मोजत— नाही, मोजल्या नाहीत. नुसत्या पाहिल्या. माझा पोरगा आहे. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

१३ रजब, शुक्रवार

खुतबा वजीरांच्या नावाने! सुलतान "काल रात्री" गेले म्हणे, मरताना तख्त वजीरांना दिलं म्हणे. लोक रडले, मग लगेच आमीन म्हणाले. दुपारपर्यंत छत्र बदललं, नौबतही नवी. चला — अब्बांची दोन घराणी, माझीही आता दोन.

महालाचं दार उघडलं. मी धावलो. आत गालिचे धुवायला काढलेले. माणूस एक नाही. याकूत भेटला.

"चंदेरीला पाठवलं चौघांनाही. पहाटेच. नव्या सुलतानांचा हुकूम. तिथल्या ठाण्यावर चाकरी आहे."

"भेटूसुद्धा दिलं नाही?"

"घाई होती," म्हणाला.

घरी धावत गेलो. माहरू आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मला लागलीच कामाला लावलं — थंडीत त्याला गोधडी पाठवायची आहे!

१५ रजब, रविवार

नव्या सुलतानांचं पहिलं ताट आज माझ्याकडे आलं. बावर्च्याला मनुका पुष्कळ घालायला सांगितल्या, तेही आवडीने खातात. चाखून आत पाठवलं. जेवणं उरकल्यावर घरी निघालो, पण रुमाल विसरला म्हणून मागे फिरलो.

आडवाटेच्या दालनात याकूत पाठमोरा उभा. उष्टं ताट ओट्यावर. उरलेल्या मनुका एकेक वेचून काठावर लावत होता.

माझी चाहूल लागली. हात तिथेच थांबला.

"सवय लागली, उस्ताद."

"कधीपासून?"

"वजीरांनी विचारलं होतं, चाखणदार गप्प कसा राहील. मला ईदेचं जेवण आठवलं."

"आणि शादमान?"

"पहिल्याच दिवशी. सुलतानांच्या पाठोपाठ."

घरी आलो. माहरू गोधडीला शेवटचे टाके घालतेय. चांदीची डबी शेजारीच ठेवलीय. म्हणते, चंदेरीला गोधडीबरोबर हीही पाठवू, पोरगा बघून हसेल.