एकमेव उमेदवार

३ जून. सकाळी ७.
नगरपालिकेचा निकाल लागला. नऊपैकी नऊ जागा गेल्या. माझीसुद्धा. याला पराभव म्हणणं चूक आहे. ही जनतेनं घेतलेली आपली परीक्षा. जनता सध्या जरा कडक पेपर तपासतेय, एवढंच.
आजपासून रोजनिशी. पडत्या काळातल्या नोंदी पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडतात.
संकल्प : रोज दहा घरं फिरायची. कोणावर चिडायचं नाही. आणि मुख्य म्हणजे शहराध्यक्षपद सोडायचं नाही. पद राहिलं तर पुढचं तिकीट माझं. मला तिकीट म्हणजे पक्षाला संजीवनी. सरळ हिशेब आहे.

३ जून. दुपारी.
घरं फिरलो नाही. लोक ओशाळले असतील. पश्चात्तापाला थोडा वेळ द्यावा.

४ जून.
पक्षाच्या ग्रुपवर दोनशे चौदा लोक होते, आज साठ. मी याला गळती म्हणत नाही, चाळणी म्हणतो. राहिले ते निष्ठावंत. मेहुणा (आमचा प्रसिद्धीप्रमुख) म्हणाला, दाजी, त्या साठांनी ग्रुप म्यूट केलाय, म्हणून बाहेर पडायचं राहून गेलंय. त्याच्यावर चिडलो.
चिडायचं नाही हा संकल्प सोमवारपासून.

५ जून. दुकानात.
एके काळी एक पंप आणि पाण्याचा एक टब घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो होतो. आज टायरची दोन दुकानं. हे सगळं कानांच्या जोरावर. मी गाडीखाली आडवा असलो की गिऱ्हाईक मनातलं बोलतं. आज दोघं बोलत होते. एक म्हणाला, त्या किटली चिन्हवाल्यांचं काय झालं रे? दुसरा म्हणाला, ते उभे होते?
गाडीखालीच अंगावर काटा आला. म्हणजे आपल्याविरुद्ध लाट नाही! लोकांच्या मनात आपल्याबद्दल राग नाही, द्वेष नाही, काहीच नाही. इतकी अनुकूल परिस्थिती कोणत्या पक्षाला मिळते?

८ जून.
जनसंपर्क सुरू. तीन घरं झाली. पहिल्या घरातल्या काकूंनी चहा दिला आणि स्कूटरची हवा बघायला सांगितली. दुसऱ्या घरी पंक्चर. तिसऱ्या घरातला इंजिनिअर म्हणाला, घरपोच सेवा कधी सुरू केली, कार्ड ठेवून जा. कार्डाच्या मागे पक्षाचं चिन्ह काढून दिलं. तिघांनीही पुन्हा या म्हटलं.
मतदार वळतोय.

११ जून.
वरिष्ठांचं पत्र. महिन्याच्या आत शहराध्यक्षाची निवडणूक घ्या, पक्षांतर्गत लोकशाही दिसली पाहिजे.
लगेच कार्यकारिणी बोलावली. वरच्या खोलीत, टायरच्या थप्प्या बाजूला सारून. सहा जण : मी, वकील (उपाध्यक्ष), निवृत्त मास्तर (सरचिटणीस), सलूनवाला (युवा आघाडी, वय बावन्न), मेहुणा आणि बायको (महिला आघाडी, संपूर्ण). विचारलं, कोण उभं राहतंय? मास्तर छताकडे बघायला लागले. वकिलानं मोबाइल काढला. सलूनवाला म्हणाला, साहेब, तुम्ही असताना आम्ही कशाला? मेहुणा म्हणाला, अगदी हेच म्हणणार होतो.
एकमुखी विश्वास.

१२ जून.
पहाटे कल्पना सुचली. बिनविरोध निवडून आलो तर लोक म्हणणार, घरचाच कारभार. म्हणून कार्यकारिणीच्या सहा जणांचं गुप्त मतदान. उमेदवार एकच, मी. त्याखाली दुसरा पर्याय : वरीलपैकी कोणी नाही. एवढी लोकशाही राज्य करणाऱ्यांकडेही नाही!
मेहुणा म्हणाला, दाजी, विषाची परीक्षा कशाला? बायको म्हणाली, अहो, शर्यतीत एकटेच आहात तर चालत जा ना, उड्या कशाला मारताय?
दोघं बहीणभाऊ. राजकारण रक्तातच नाही.

१४ जून.
वकिलाकडून नियम लिहून घेतले. ज्याला सदस्य नाकारतील त्याला पाच वर्षं पद नाही, तिकीट नाही. वकिलानं विचारलं, पाच नक्की? मी म्हटलं, दहा करा. जनतेला कळू दे आपण किती गंभीर आहोत. नको हो, नको हो म्हणत त्यानं दहा लिहिलं. फार सुंदर अक्षरात.
मतं समसमान झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक, हा नियम मास्तरांनी सुचवला. हसू आलं. एका उमेदवाराच्या निवडणुकीत समसमान कसं होईल? पण म्हातारं माणूस. राहू दिलं.

२० जून. सकाळी १०.
आज मतदान. पेपरवाला (इथल्या दैनिकाचा बातमीदार) हजर. जनसंपर्काची घरं एकूण सात झाली, पंक्चर अकरा. वातावरण उत्तम.

२० जून. सव्वाअकरा.
ऐन वेळी डोकं चाललं म्हणून बरं. सहापैकी सहा मतं मलाच पडली तर पेपरवाला कुत्सित हसेल. एखादं विरोधी मत हवं, म्हणजे निकालाला चव येते. पण कोणाला सांगणार? सगळे एवढे निष्ठावंत, हात थरथरतील त्यांचे. म्हणून मीच 'कोणी नाही'वर फुली मारली. पाच विरुद्ध एक. बाहेर येऊन चेहरा गंभीर ठेवला.
असा मोठेपणा दाखवणारा नेता आज दुसरा नसेल. खंत एवढीच, की हे कोणाला सांगता येणार नाही.

२० जून. दुपारी १.
मी : दोन. कोणी नाही : चार.

२० जून. दुपारी ३.
वकील कोपऱ्यात घेऊन म्हणाला, साहेब, त्या दोनातलं एक माझं. सलूनवाल्यानं मुलांची शपथ घेतली आणि मान चोळून दिली, एक त्याचं. मेहुणा म्हणाला, दाजी, ताईची शपथ, माझं मत तुम्हालाच. मास्तर नुसते म्हणाले, मी माझं कर्तव्य केलं. म्हणजे तेही माझ्याच बाजूनं. बायको काही बोलली नाही, पण ती घरचीच.
एकूण पाच! मग दोन कशी?
मतमोजणीत घोटाळा!! मोजली कोणी? मास्तरांनी. गणिताचे मास्तर. संशयाला जागा आहे.

२१ जून.
पेपरवाल्याला फोन करून कडक निवेदन दिलं : फेरमोजणी करा, उघड करा, सगळ्यांसमोर करा, प्रत्येक चिठ्ठी टेबलावर मांडा. बायको म्हणाली, जाऊ दे ना, घरी या, जेवा. तिला म्हटलं, प्रश्न माझा नाही, लोकशाहीचा आहे. आणि दहा वर्षांचा.

२२ जून. दुपारी १२.
चिठ्ठ्या मांडल्या. पुन्हा दोन आणि चार. मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, या चार चिठ्ठ्या माझ्या माणसांच्या असूच शकत नाहीत, अक्षर तपासा, शाई तपासा!
पेपरवाल्यानं वाकून पाहिलं. म्हणाला, पाच चिठ्ठ्या निळ्या पेनच्या आहेत. ही एक पिवळ्या खडूची.
टायरवर खूण करायचा पिवळा खडू. तो शहरात बऱ्याच लोकांकडे असू शकतो. माझ्या शर्टाच्या खिशात होता, हा निव्वळ योगायोग. पण सगळे खिशाकडेच बघत होते.
फुली 'कोणी नाही'वर.
मास्तर हळूच म्हणाले, हे एक मत तुमच्या बाजूनं पडलं असतं तर तीन-तीन. समसमान. मग अध्यक्षांचं निर्णायक मत.
सलूनवाल्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

२२ जून. रात्री ९.
जेवताना बायकोला विचारलं, दोनातलं एक तुझं ना? म्हणाली, हो. भरून आलं. विचारलं, माझ्यावर एवढा विश्वास? म्हणाली, विश्वासाचं राहू दे. दहा वर्षं तुम्ही दिवसभर घरी बसणार, या विचारानं मी हादरले होते.
दुसरं कोणाचं, ते तिनं सांगितलं नाही. शपथ घेणाऱ्यांपैकी किंवा कोपऱ्यात नेणाऱ्यांपैकी कोणाचं नाही, एवढं मात्र म्हणाली.

२३ जून.
पेपरात आलं. आतल्या पानावर, चार ओळी. मथळा : 'अध्यक्षांनाही अध्यक्ष नकोत.'
दुकानात दिवसभर गर्दी. बहुतेकांच्या टायरमध्ये हवा व्यवस्थित होती.

२६ जून.
नवीन अध्यक्षाची निवडणूक रविवारी. या वेळी दोन उमेदवार : वकील आणि मास्तर. पक्षात चैतन्य आलंय, हे मान्य करावं लागेल.
दोघंही आज वेगवेगळे येऊन भेटले. दोघांचीही विनंती एकच : साहेब, तुमचा पाठिंबा समोरच्याला जाहीर करा.
म्हणजे माझ्या शब्दाला अजून वजन आहे.