रंग न लावलेली फळी

३ नोव्हेंबर, सोमवार

करवत! दादा चक्क करवत घेऊन उभा! म्हणे बाबांचं जेवणाचं टेबल मधोमध कापायचं. रविवारी हे भाड्याचं घर सोडायचंय, आणि नव्या घराच्या जिन्यात एवढं धूड वळत नाही.

"तू चार दिवसांची पाहुणी, भिंगरे. तुझं काय जातंय!"

करवत हिसकावून घेतली. कापायचं नाही. सुटं करून न्यायचं. कसं ते माहीत नाही — पण करणार. पुढच्या सोमवारचं बसचं तिकीट खिशात आहे, त्याच्या आत.

४ नोव्हेंबर

बाबा सुतार, त्यात रंगांचा नाद. दिवसभर खिडक्या-दारांच्या कारखान्यात रंधा मारायचे, घरी येऊन चित्रं. मालक एकदा म्हणाला, लांबच्या कारखान्यात मुकादम करतो. बाबांनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी जेवायला घरी पोचता येईल?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

हे टेबल म्हणजे दोन लांब दांडे आणि त्यांच्या खाचांत शेजारी शेजारी बसवलेल्या आडव्या फळ्या. माणशी एक! प्रत्येकीवर चित्र. आईच्या फळीवर तिचा चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला. दादाची सायकल. वहिनीची निळी छत्री. स्वतःच्या फळीवर बाबांनी नुसता एक कान काढलाय, त्यावर पेन्सिल. बस्स!

टोकाची माझी. कोरी. विचारलं की म्हणायचे, "एका जागी बसलीस की रंगवीन." सगळे हसायचे. मी पण.

बाबांना जाऊन पाच महिने झाले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. फळी कोरी ती कोरीच.

५ नोव्हेंबर

खालून ठोकलं, वर उचलून पाहिलं. एक फळी हलेल तर शपथ! अंगठा मात्र टरटरून सुजलाय.

मग हत्यारांसाठी बाबांचं कपाट उघडलं आणि दुपार तिथेच गेली. वाळलेले ब्रश, माझं दहावीचं हॉल तिकीट (दोनदा बसले, दोन्ही वेळा अर्ध्यातून उठून आले), आणि मेणबत्त्या! एकही पेटवलेली नाही, वाती पांढऱ्याशुभ्र. पण सगळ्या एका अंगाने घासून चपट्या. मागे एका बंदरावर जाळी विणणाऱ्या बायांकडे राहिले होते, त्या दोरा मेणातून ओढायच्या. सरकायला सोपा जातो म्हणे. त्यातली एक बाई शिट्टी काय सुंदर वाजवायची...

कुठून कुठे गेले! टेबल आहे तिथेच आहे.

६ नोव्हेंबर

कमरेत दांडा बसला. दोन्ही दांडे माझ्या फळीच्याही पुढे हातभर निघालेत. लहानपणापासून तेच — येणाऱ्या-जाणाऱ्याला ठोसा! आई म्हणायची, "कापा हो ते एकदाचे." बाबा म्हणायचे, "असू दे. लागेल."

दादा विचारून गेला, "करवत कुठे लपवलीस?" सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर

सापडलं!!

वहिनी चहा देता देता सहज म्हणाली, "लग्नानंतर आम्ही आठवडाभर फिरायला गेलो, आलो तर ह्याच्या नि तुझ्या मधे माझी फळी हजर!"

मधे! म्हणजे बाबांनी आधी माझी काढली असणार!

तशीच टेबलाखाली घुसले, उताणी. एकही खिळा नाही. पण फक्त माझ्या फळीखाली एक लाकडी खुंटी, नखाएवढं डोकं. पकडीने ओढली. फळी वर नाही उचलली, आडवी माझ्याकडे खेचली — आली की सुर्रकन! खाच गुळगुळीत. बोटांना मेणाचा वास.

तिथे पडल्या पडल्याच उलगडलं. रंगाचा थर चढला की फळी खाचेत अडकते. ही अडकून चालणार नव्हती. नवं माणूस आलं की मी आधी उठायचं, त्याला जागा द्यायची, मग परत बसायचं. आणि मी इतकी वर्षं रुसून!

आईने माझी बोटं हुंगली. म्हणाली, "दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला एक मेणबत्ती आणायचे. म्हणायचे, दिवे जातात. मेली एक तरी जळताना बघितली असेन तर शपथ!"

८ नोव्हेंबर

बाकीच्या रंगाने धरून बसल्या होत्या, एकेक ठोकत टोकाकडून काढल्या. पाची फळ्या सुट्या. दादाने करवत मागितली. दिली. त्याने तिला तेल लावलं आणि बाबांच्या पेटीत ठेवून दिली. 

९ नोव्हेंबर, रविवार

नव्या घरात टेबल जोडलं. माझी फळी शेवटी, खालून खुंटी. सगळे आपापल्या जागी जेवायला बसलो. वहिनी पुढे निघालेल्या दांड्यांवरून हात फिरवत म्हणाली, "इथे अजून एक मावेल ना गं? एप्रिलपर्यंत हवी." दादा खिडकीबाहेर बघायला लागला, कान लालबुंद.

जेवण झाल्यावर खुंटी काढली, माझी फळी ओढून घेतली आणि जागा मोजली. माप लिहायला कागद मिळेना. खिशात उद्याचं तिकीट होतं, मागची बाजू कोरी.