वार्सिनीबाईंचे दुकान आणि माझी सही

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
जिल्हा क्रीडा कार्यालय, मध्य जावा.

विषय : बू वार्सिनी यांचे तळणाचे दुकान मैदानावर पूर्ववत लावू देणे व पाक गुनार्सो यांचा सत्कार रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपल्या हस्ते होणाऱ्या सत्काराची निमंत्रणपत्रिका.

महोदय,

मी, सुडार्माजी, निवृत्त चित्रकला शिक्षक, गावाबाहेरच्या मैदानावर रिमोटची विमाने उडवितो.

१. आमचा नियम साधा आहे. ज्याच्याकडे चॅनेलचा आकडा लिहिलेला चिमटा, त्यानेच त्या चॅनेलचा रिमोट चालू करावा. त्या रविवारी चिमटा माझ्याकडे व विमान हवेत होते. आमच्या विमान मंडळाचे सचिव पाक गुनार्सो यांनी पाहुण्यांना आपले नवे विमान दाखविण्यासाठी त्याच चॅनेलचा रिमोट चिमट्याविना चालू केला. माझे विमान माझे ऐकेनासे झाले. मी डावीकडे वळविले, ते उजवीकडे कलंडले. "बाजूला व्हा" असे मी ओरडेपर्यंत ते बू वार्सिनींच्या कढईत पडले. उकळत्या तेलाने त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

२. सचिवांनी रिमोट मुकाट्याने पिशवीत घातला आणि भाजलेल्या बू वार्सिनींनाच विचारले, "बू, दुकान जरा मागे लावलं असतंत तर?" पुढे, कोणी मेले नाही म्हणून मंडळाने जेवण घातले. त्यासाठी टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळण्याचे काम बू वार्सिनींनाच सांगितले. त्यांनी ते डाव्या हाताने केले. सदर घास माझ्या घशाखाली उतरला नाही. इतरांच्या उतरला.

३. नंतर "वयोमानामुळे माझा हात थरथरला" असा कबुलीजबाब सचिवांनी मजपुढे ठेवला. मी नकार दिला. तेव्हा बू वार्सिनी घरी आल्या. म्हणाल्या, "म्बाह, आजोबा, करून टाका सही. सही दिली तर माझी जागा ठेवतो म्हणालेत. घटकाभर म्हातारे व्हा, काय बिघडतंय?" मी सही केली. आठवडा उलटायच्या आत मंडळाने 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' त्यांचे दुकान उठविले. या माणसांची मला शिसारी आली आहे. याहून सभ्य शब्द सापडला नाही.

४. आता "प्रसंगावधान राखून आग विझविली" म्हणून पाक गुनार्सो यांना आपण शाल घालणार आहात. आग लागलीच नव्हती.

सबब, माझा कबुलीजबाब मी मागे घेत आहे. चौकशी व्हावी, सर्वांनी पाहिले आहे. मला मंडळात राहणे नाही, विमानही पुन्हा जोडणार नाही. रविवारी सकाळी मात्र मैदानावर नाश्त्याला येईन. त्या वेळी बू वार्सिनी त्यांच्या जागेवर असाव्यात, एवढे आपण करावे.

आपला, उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
सुडार्माजी
दि. ९ ऑगस्ट

सोबत : सत्काराची पत्रिका, परत.