उजवीकडून वाचलेली शाळा

सिरसाळा, ९ खुर्दाद १३४६ फसली
(म्हणजे आपला चैत्र. घरच्या माणसाला लिहितानाही सरकारी महिना आधी सुचतो, इतकी वर्षे या नोकरीत गेली.)

राजमान्य राजश्री वैजिनाथराव यांस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (राजमान्य हे तुझ्या हैदराबादच्या शाळाखात्यातल्या हुद्द्यासाठी, आशीर्वाद वयासाठी. दोन्ही जपून ठेव.) तुझा खोकला गेला का, सौ. केशरबाईचे गुडघे कसे आहेत आणि मुलांचे पाढे कुठवर आले, ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात तू 'सर्व क्षेम' एवढेच लिहिलेस. सर्व म्हणजे किती, हे सांगता येत नसेल तर लिहू नये. माझी प्रकृती उत्तम आहे; बिघडायला सवड नाही.

पत्रास कारण, तू पाठवलेले बारीक घरांचे कागद. शाळांनी हजेरीचा अहवाल लांबलचक न लिहिता चित्ररूपाने पाठवावा असा हुकूम पौषात आला. पाठोपाठ तुझे डझनभर कागद आले आणि दोन पाने सूचना आल्या: खांब सारख्या रुंदीचे काढावे, मधले अंतर सारखे ठेवावे, सर्वांचा तळ शून्यावर असावा, वगैरे. पुण्याच्या कॉलेजात मी गणित घेऊन शिकले त्याला तीस वर्षे झाली. तुला बे एके बे मी शिकवले. आता तू मला खांब कसे उभे करावेत ते शिकवतोस. असो. माणूस शिकलेला बरा, धाकटा भाऊ असला तरी.

हात बसावा म्हणून पहिला तक्ता मी गल्लीवार काढला. कोणत्या गल्लीतून किती मुली शाळेत येतात, एका मुलीला एक घर. गेरूने रंगवून भिंतीवर लावला आणि तिथेच माझी चूक झाली. (चूक की काय ते पुढे ठरव.) वाणी गल्लीचा खांब चौदा घरांचा निघाला, पाटील गल्लीचा दोन. बायनाबाई, जी रोज सकाळी दारोदार फिरून मुली गोळा करून आणते, तिने ही बातमी पाण्याच्या खेपेबरोबर गावभर पोचवली. दुपारी रामकिसन पाटील स्वतः आले. आठ वर्षांत त्यांनी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, त्या वाण्यांचा खांब आमच्यापरीस उंच कावून? शाई कमी पडली आसंल तर आमी धाडतो." मी म्हटले, पाटील, हा खांब शाईने वाढत नाही, मुलींनी वाढतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतून पाच मुली आल्या, एक तर झोपेतच. ते पाहून वाणी गल्लीने आणखी दोन धाडल्या. तेहतिसाच्या चाळीस झाल्या. वैजिनाथ, आठ वर्षे मी या गावाला शिक्षणाचे महत्त्व सांगत होते. ते सगळे श्रम गेरूच्या एका पट्टीने वाचले असते.

मग अहवालाचे दोन तक्ते काढले. पहिला पाच वर्षांच्या हजेरीचा: नऊ, चौदा, एकवीस, तीस, चाळीस, डावीकडून उजवीकडे जिना चढावा तसा. दुसरा मुलींच्या वयाचा, ज्यात तू लिहिल्याप्रमाणे खांब एकमेकांना चिकटवले. बायनाबाईने विचारले, "बाई, ह्ये असं गर्दी करून कावून हुभे?" मी समजावले की गल्ल्या वेगळ्या असतात, म्हणून तिथे मध्ये जागा सोडली. वयाला मध्ये फट नसते. आठ सरले की लगेच नववे लागते, मुलगी मध्ये कुठे नाहीशी होत नाही. ती तक्त्याकडे पाहून म्हणाली, "न्हाई कशी? दहाव्याला व्हतीयाच की."

तिचे खरे होते. सहा ते आठ वयाच्या सतरा, आठ ते दहाच्या सोळा, दहा ते बाराच्या सहा, आणि बारा ते चौदाच्या रकान्यात एक. एक घर. ती एक म्हणजे आश्रुबांची लेक गंगासागर. वय तेरा, हिशेब तोंडी, अक्षर माझ्यापेक्षा चांगले (हे तिला मी सांगितलेले नाही). तिचे नाव मी दोनदा लग्नाच्या बोलण्यांतून सोडवून हजेरीपटावर टिकवले आहे. शेवटी आश्रुबांनी शब्द दिला, तो असा: "शाळा हाय तवर शिकंल. शाळा मोडली की दुसऱ्या दिशी सोयरीक." माणूस शब्दाचा पक्का आहे. दोन्ही बाजूंनी.

दोन्ही तक्ते रवाना केले. फाल्गुनात हुकूम आला: मुलींची हजेरी पाच वर्षांत चाळिसावरून नवावर उतरली आहे, सबब सिरसाळ्याची शाळा तीर महिन्याच्या (आपल्या वैशाखाच्या) अखेरीस बंद करावी. मी तो तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. बायनाबाई म्हणाली, पाटलांच्या पाच पोरी मोजायच्या राहिल्या असतील. त्याच संध्याकाळी आश्रुबांच्या दारात सिंगणापूरची बैलगाडी सोडलेली दिसली. पाहुणे कशाला आले होते ते विचारायची गरज नव्हती.

हुकमावर सही करणाऱ्या शाळाखात्याच्या साहेबांचा मुक्काम मोमिनाबादेस होता (आपल्या तोंडात अजून अंबाजोगाईच). मी गाडी जुंपून निघाले. वाटेत साहेबांना सुनावायची अकरा वाक्ये पाठ केली. गृहस्थ इतके सभ्य निघाले की एकही कामी आले नाही. खुर्ची दिली, सरबत दिले, माझा तक्ता काढला आणि दुःखी चेहऱ्याने त्यावर बोट ठेवले. उजव्या कडेला. तिथून ते बोट डावीकडे चालू लागले. चाळीस, तीस, एकवीस. "बाईसाहिबा, देखिये, हर साल गिरती जा रही है."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. (केशरबाईला हे वाक्य वाचून दाखव; तिचा विश्वास बसणार नाही.) उभा जन्म उर्दू वाचलेला माणूस कागद उजवीकडूनच धरणार. खाली सन मी घातले होते, पण मराठी आकड्यांत, आणि मराठी वाचणारा कारकून रजेवर. मी जिना चढवला, त्यांनी तो तितक्याच सरळपणे उतरवला. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते.

याहून पुढचे ऐक. त्यांनी दुसरा तक्ता पुढे केला. तो त्यांना दुसऱ्याच शाळेचा वाटला होता. एक, सहा, सोळा, सतरा: वाहवा, तरक्की असावी तर अशी, या शाळेकडून तुम्ही काही शिका. मुली दहाव्या वर्षी नाहीशा होतात हे दाखवणारा तो कागद, वैजिनाथ, आणि त्यावर लाल शाईत शाबासकी. मी शाबासकी घेतली नाही. दोन्ही तक्ते समजावून सांगितले. साहेब आधी खूप हसले. मग दुसऱ्या तक्त्यातल्या शेवटच्या घराकडे पाहून हसायचे थांबले आणि विचारले, ये एक कौन है? मी नाव सांगितले. म्हणाले, हुकूम हैदराबादेस पोचला आहे, तो तिथेच थांबवावा लागेल. नवा तक्ता द्या, मी शिफारस लिहितो.

परत येऊन मी जिना उजवीकडून चढता काढला, आकडे उर्दूत घातले आणि वाळायला भिंतीवर लावला. तेवढ्यात आश्रुबा आले. गंगासागरने त्यांना गल्लीचा तक्ता वाचायला शिकवले होते, डावीकडून. त्यांनी तसाच वाचला आणि खाली बसले. "शाळा बसली की ओ बाई." मी उर्दूची दिशा समजावू लागले. त्यांना वाटले, बाई सावरून घेतायत. माझाही आवाज चढला. तेव्हा ती तेरा वर्षांची मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, "बाई, खांब आडवे निजवा. वरून खाली तर समदेच वाचत्यात."

मी तीस वर्षांची पदवी बाजूला ठेवली आणि पट्टी तिच्या हाती दिली. जुने साल वर, आखूड. चालू साल खाली, लांब. प्रत्येक वर्षावर मराठी आकडा आणि उर्दू आकडा. आश्रुबांनी वाचला. बरोबर वाचला. साहेबांनीही वाचला आणि शिफारस लिहून दिली.

आता तू हैदराबादेत असून मला एका शब्दाने सावध केले नाहीस, याबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. केशरबाईस व मुलांस आशीर्वाद.

तुझी ताई,
शिवकांता

ता. क. आडवा तक्ता शिफारशीसह याच टपालाने तुमच्या दफ्तरात येत आहे. तो गठ्ठ्याच्या तळाशी जाऊ देऊ नको. तीर महिना सरायच्या आत हुकूम फिरला पाहिजे.

दुसरा ता. क. तुझ्या सूचनांची दोन पाने आज पुन्हा काढली. पाचव्या कलमात 'साहेब उर्दू वाचतात, आकडे उर्दूत घालावे व क्रम उजवीकडून ठेवावा' असे स्वच्छ लिहिले आहे. मी चौथ्या कलमानंतर वाचणे सोडले होते. वरची तक्रार खोडली असे समज. केशरबाईला हे कळवायचे कारण नाही.

तिसरा ता. क. मुख्य गोष्ट राहिली. हुकूम फिरला तरी इथे चौथीपुढे वर्ग नाही. गंगासागर चौथी दुसऱ्यांदा करते आहे. माझ्यासाठी तिसऱ्यांदाही करील, पण माझ्याजवळचे संपले. सिंगणापूरची गाडी पुन्हा येण्याआधी मी आश्रुबांना तिच्या पुढच्या शिक्षणासाठी तुझे घर सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "लेकरंबाळं हायती का त्या घरी?" मी हो म्हटले. "मंग जाऊ द्या. सोयरीक कुटं पळती?" परळीहून आगगाडीने मी स्वतः तिला घेऊन येत आहे. तुझ्या जुन्या वर्तमानपत्रांची खोली रिकामी कर. मी विचारत नाही, कळवते आहे. (वैजिनाथ, नाही म्हणू नको.)

चौथा, आणि संपले. ती गेली की तक्त्यातले बारा ते चौदाचे घर रिकामे पडेल, हे मी पाटलांसमोर बोलून गेले. आपल्याच शाळेतली त्यांची नात कार्तिकात बाराची होते आणि तिला एक स्थळही आले आहे. पाटलांनी मिशी चोळली. मग म्हणाले, "त्यो खांब वाण्यांच्या नावानं लावू नका, बाई. आमच्यासाठी धरून ठिवा."

मी धरून ठेवला आहे.