तिच्या पहिल्या भाषणात तू नाहीस

आई, तुझी ती रिटायर झाली. पेपरात पानभर आलंय तिच्यावर, फोटोसकट. केस पांढरे झालेत, पण हनुवटी अजून तशीच वर. खाणकामगाराची मुलगी, शिवणाच्या फॅक्टरीतून कौन्सिलवर, तिथून पार्लमेंटात, आणि मग इतकी वर्षं वेल्समधल्या त्याच एका व्हॅलीतून निवडून, सगळं अगदी सविस्तर. आणि मधेच एक वाक्य, की तिला बोलायला कुणी शिकवलं नाही, तिथल्या मातीतच ते असतं. चहा हातात होता, तो तसाच खाली ठेवला. मातीत म्हणे! माती कसली डोंबलाची, आपल्या स्वयंपाकघरातलं पिवळं लिनोलियम होतं ते, आणि त्याच्यावर तिला उभी करून तू पोळ्या लाटता लाटता बोलायला लावायचीस. पण त्या वार्ताहराला नावं ठेवून काय उपयोग? त्याला हे माहीत नाही याला कारण मी आहे. तेच सांगायला बसले आहे.

आधीच सांगते, तिचं कौतुक मला करायचं नाहीये. ते तू भरपूर केलंस. मी तिच्यावर जळायचे, अजून जळते, साठी जवळ आली तरी. डॉक्टरला सांगण्यासारखं हे दुखणं नाही, आणि ज्या डॉक्टरला सांगितलं असतं ते बाबा तर तुझ्याही आधी गेले.

ती पहिल्यांदा आली तो दिवस मला स्पष्ट दिसतो. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना, आणि तू त्या खिडकीमागे, साडीवर बाबांचा जुना कार्डिगन, समोर अपॉइंटमेंटची वही. गावातल्या बायका तुला बिचकून असायच्या. ही आली ती तिच्या वडिलांचं प्रिस्क्रिप्शन न्यायला. त्यांच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली, त्यांना चढ चढवत नव्हता. तू सांगितलंस, पेशंट स्वतः आल्याशिवाय मिळणार नाही. झालं, तिचा जो पट्टा सुटला! ज्याला श्वास लागतो त्यानंच टेकडी चढून यायचं, हा कुठला नियम, कुणी केला, तुम्ही केलात का. सगळी वेटिंग रूम माना खाली घालून ऐकत होती. तू खिडकी लावून घेतलीस. मी आतून बघत होते, मला वाटलं, बरी खोड मोडली. आणि मग तू खिडकी परत उघडलीस आणि तिला म्हणालीस, “आता हेच परत सांग. पहिल्यापासून. सावकाश.” तिनं सांगितलं. प्रिस्क्रिप्शन मिळालं, आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ती आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली होती. तू तिला बोलावलं होतंस. मला कुणी विचारलं नाही.

मग ते संपाचं वर्ष आलं. ती एकोणीसची, मी सतरा, माझे ए-लेव्हल्स, म्हणजे आपल्याकडची बारावीच. खाणी बंद, पुरुष खाणीच्या फाटकावर पिकेटला धरणं धरून, आणि बायकांनी वेल्फेअर हॉलमध्ये रोजचं जेवण चालवायला घेतलेलं. तू तिथं डाळीचं मोठं पातेलं घेऊन जायला लागलीस. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती सूप समजून ब्रेडबरोबर खाल्ली, दुसऱ्या आठवड्यापासून मागून घ्यायला लागले. तुझ्या अंगात त्या वर्षी काहीतरी संचारलं होतं. पुण्याला कॉलेजात तू वक्तृत्व स्पर्धा गाजवल्यास हे मी ऐकून होते, पण माझ्यासाठी ती अल्बममधली गोष्ट होती, दोन वेण्या आणि हातात चषक. आता ते सगळं बाहेर आलं, आणि आलं ते तिच्यासाठी. गुरुवारी ती आली की तू कुकर लावायचीस आणि तिला म्हणायचीस, बोल. शिट्टी झाली की ती शिट्टीच्या वर आवाज चढवून ओरडायची. तू लाटणं टेबलावर आपटून सांगायचीस, शिट्टी होऊ दे, तिच्याशी भांडू नकोस, ती आपोआप थांबते, मग तेच वाक्य पहिल्यापासून, आधीपेक्षा हळू. तीन शिट्ट्यांचा भात व्हायचा, तीनदा तेच वाक्य. मी डायनिंग टेबलाशी केमिस्ट्री उघडून बसायचे आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

हॉलमधलं तिचं पहिलं भाषण आठवतं ना? जेवण बायका करतात तर कमिटीत बायका का नाहीत, एवढाच मुद्दा. मागच्या रांगेतून पुरुष ओरडायला लागले, कुणी हसलं, कुणी टेबल बडवलं. ती गप्प उभी राहिली, आणि ते दमल्यावर तेच वाक्य पहिल्यापासून म्हणाली. परत आरडाओरडा, परत तेच वाक्य. तिसऱ्या वेळी हॉल शांत झाला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि मी तुझ्याकडे. हातात डाव घेऊन तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि तुझे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आई, माझ्या कुठल्याही परीक्षेच्या वेळी तुझे ओठ हलले नाहीत.

त्याच्या पुढच्याच महिन्यात शाळेचं आइस्टेडफॉड होतं, गाण्या-कवितांच्या स्पर्धांचं ते वेल्श संमेलन, मी पाठांतराला नाव दिलं होतं. वेल्श कविता, सोळा ओळी, उच्चारासकट घोटलेल्या. तुला म्हटलं, ऐक ना. तू ऐकलंस, अगदी शेवटपर्यंत, हात पुसत. आणि म्हणालीस, “पाठ छान आहे गं. पण तुला कुणाचा राग येत नाही. तिला येतो.” मला राग येत नाही! त्या क्षणी तुम्हा दोघींचा इतका राग आला होता मला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण मी शहाण्यासारखं मान हलवून वर निघून गेले, त्यामुळे तुझंच खरं ठरलं. स्पर्धेत दुसरी आले. तू शाबास म्हणालीस, आणि लगेच तिच्या फॅक्टरीतल्या युनियनचं काय झालं ते सांगायला लागलीस.

पुढे मी कार्डिफला फार्मसीला गेले, ती तिथंच राहिली. खाण बंद झाली ती झालीच. ती कौन्सिलवर निवडून आली, तेव्हा मी पास झाले, एकाच उन्हाळ्यात. तिला तू कॉलेजातलं तुझं चांदीचं पदक दिलंस. मला छत्री. छत्री चांगली होती, ते सोड, वेल्सच्या पावसातही दहा वर्षं टिकली. पण ते पदक तुझ्या कपाटात साड्यांखाली असायचं आणि लहानपणी मी ते चोरून काढून हातात धरून बघायचे, हे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तू तिलाच दिलं असतंस म्हणा. ‘तिला ते वापरता येईल,’ म्हणालीस. पदक काय वापरतात का! पण ती खरंच प्रत्येक सभेला ते कोटाच्या खिशात घेऊन जायची. मला हे ती स्वतःच हसत हसत सांगायची, मला आनंद होईल अशा समजुतीनं. तिच्या मनात माझ्याबद्दल कधी वाकडं काही आलंच नाही. हीच तर पंचाईत. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

तू आजारी पडलीस तेव्हा मी लग्न होऊन लंडनजवळ पिनरला. शनिवारी औषधांचं दुकान संपवून, रविवारी सकाळची ट्रेन पकडून कार्डिफच्या हॉस्पिटलात पोचायचे, आणि तुझ्या कॉटशेजारच्या खुर्चीत ती. दोन बस बदलून आलेली, मांडीवर कौन्सिलचे कागद. कुठल्या गल्लीचं गटार तुंबलंय, शाळा बंद करायला निघालेत, उमेदवारीला तिला डावलून कुणाला उभं केलंय, हे सगळं ती सांगायची आणि तू उशीवरून तिच्या चुका काढायचीस. तुझा आवाज गेला होता, तरी तेवढ्यापुरता यायचा. मी आले की ती लगेच उठून खुर्ची द्यायची. आणि मग आपण दोघी. जेवलीस का, जावईबापू कसे आहेत, गाडीला गर्दी होती का. पाच मिनिटांत संपायचं. मला तेव्हा वाटायचं, तिनं खुर्ची दिली पण तू काही मला दिली नाहीस. शेवटच्या रविवारीही तसंच झालं.

आता मुद्द्याचं. तू गेल्यावर चार वर्षांनी पक्षानं तिला एकदाची उमेदवारी दिली आणि ती दणक्यात निवडून आली. मे महिना होता. लंडनला खोली शोधत होती, एका रविवारी मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीनं पिनरला आली. माझ्या स्वयंपाकघरात बसली. मी पोहे केले होते, तुझे होतात तसे नाहीत म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं. मग तिनं पर्समधून एक कागद काढला. नव्या खासदाराचं पहिलं भाषण असतं, म्हणाली. त्यात आपल्या भागाबद्दल बोलायचं, आधीच्या खासदाराबद्दल चार बरे शब्द बोलायचे, आणि मधे कुणी अडवत नाही. हे एकदाच मिळतं. “मला बोलायला कुणी शिकवलं ते मला तिथं सांगायचंय. पण आई तुझी आहे. तू हो म्हणालीस तरच.”

तिनं वाचून दाखवलं. अर्धं पानच होतं. साडीवर नवऱ्याचा कार्डिगन घातलेली पुण्याची एक बाई, खिडकी लावून परत उघडणारी. नाव, आडनाव, सगळं नीट उच्चारलेलं. आई, काय सांगू, इतकं चांगलं होतं. त्यातली तू हसत होतीस, चिडत होतीस, लाटणं आपटत होतीस. तुझ्या अंत्यविधीला मी कागदावरून जे वाचलं त्यात तू प्रेमळ पत्नी, प्रेमळ आई आणि उत्तम सुगरण होतीस. माझ्याकडे तेवढीच होतीस. ती जिला ओळखत होती तिला मी नुसती टेबलाच्या या टोकावरून बघत आले होते. आणि आता ही त्या बाईला उचलून पार्लमेंटात नेणार, तिथं छापून घेणार, आणि कायमची ती बाई म्हणजेच तू.

मी म्हणाले, “आईनं मला सांगून ठेवलं होतं. तिचं नाव कुठंही घ्यायचं नाही.”

“खरंच असं म्हणाली तुझी आई?” एवढंच तिनं विचारलं. मी म्हणाले, हो, शेवटच्या रविवारी. कसली चटकन सुचली मला ती तारीख! तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, तिनं सांगितलंय म्हणजे झालं, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवला. एका शब्दानं वाद घातला नाही. जी कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायची नाही, तिनं तुझं म्हणून माझं ऐकलं. प्लॅटफॉर्मवर मला मिठी मारून गेली.

त्या भाषणाचा छापील वृत्तांत मी लायब्ररीत जाऊन काढला. दोनदा वाचला. खाण होती, चॅपल होतं, तिचे वडील होते, संपातल्या बायका होत्या. तू नव्हतीस. डाळसुद्धा नव्हती. मला आधी बरं वाटलं, खोटं का बोलू. तू माझ्याकडे राहिलीस असं वाटलं. लायब्ररीतून घरी जाईपर्यंत टिकलं ते. मग जाणवलं, की राहिली ती सुगरण. दुसरीबद्दल बोलायला जगात एकच माणूस होतं आणि त्याचं तोंड मी बंद करून टाकलं होतं. माझी मुलं मोठी झाली, त्यांना आजी म्हणजे हार घातलेला फोटो. नातीनं एकदा शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं, ग्रॅनीची आई काय करायची. मी सांगितलं, डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट होती.

गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. म्हणते, पेपरातलं वाचलंस का, माफ कर, वार्ताहरानं विचारलं तेव्हा मी कुणी शिकवलं नाही असं ठोकून दिलं, तुझ्या आईला शब्द दिल्यासारखा होता. पण आता ती आठवणींचं पुस्तक लिहायला घेते आहे, आणि पुस्तकात तरी खोटं लिहायला हात धजत नाही. ते अर्धं पान अजून आहे तिच्याकडे. इतकी वर्षं गेली, अजूनही तुझ्या आईला चालणार नाही का, असं विचारलंय. तुला विचारलंय, खरं म्हणजे. मी मधली.

चार दिवस पत्र फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं. येता जाता दिसायचं, चिडचिड व्हायची. काल उत्तर लिहून टाकलं, पोस्टातही टाकलं. लिही म्हटलं, नावासकट. शेवटी तू जिंकलीस, ती जिंकली, हॉलमधल्या त्या दिवसासारखं. मला अजून आनंद झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. पुस्तक आलं की मी ते विकत घेईन आणि तुझं पान आधी काढून वाचीन आणि परत जळेन.

पण एक राहिलंच. हे तुला पोचणार नाही म्हणून लिहिते, पोचणार असतं तर लिहिलं नसतं. तिला मी असं लिहिलं की आईचं म्हणणं त्या काळापुरतं होतं, आज असती तर तिनं हरकत घेतली नसती. ‘फार मोठ्या मनाची होती,’ असंही वर लिहिलं. तू मला असं कधीच काही सांगितलं नव्हतंस, हे मात्र लिहिलं नाही. पेन हातात घेऊन बराच वेळ बसले, नाही जमलं. तो नकार अजून तुझ्याच नावावर आहे.