मुगाचा खिमा आणि बाबांचा अबोला

चिक्कडपल्ली, हैदराबाद
९ जानेवारी २०२४

ती. वासंतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तुला ऐकू येतं भलतंच, म्हणून हे पत्र.

सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी दिलसुखनगरात डाळींपासून खिमा करायला लागलो, त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. मीठ हवं असलं की ते नेहाला सांगतात, त्यांच्या या सूनबाई मला सांगतात, आणि मीठ माझ्याच हाताशी असतं. आपल्या घरात मटणाचं नावसुद्धा नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

आधी सोयाबीन घेतलं, त्याचा वास जाईना. नाचता येईना अंगण वाकडे, तसा मी सोयाबीनला बोल लावून वाटाण्याकडे वळलो. तो कडवट निघाला. आता मूग आणि हरभऱ्यातलं प्रथिन काढून, यंत्रातून दाबून त्याचे धागे करतो. चव घ्यायला पाच जण बसवले. पाचही माझ्याच वळणाचे, चातुर्मासात कांदाही न खाणारे. सगळ्यांनी निर्वाळा दिला की हुबेहूब मटण. मी हुरळून अफझलगंजच्या एका खानसाम्याकडे डबा नेला. त्यांनी दोन घास खाऊन अदबीनं विचारलं, की डाळ तर उम्दा आहे, खिमा कधी येणार.

सोबत एक पाकीट पाठवतोय. शिजवून बघ, आणि यात बाटण्यासारखं काही नाही एवढं बाबांना कळव. ते तुझं ऐकतात. खिमा गेला खड्ड्यात, त्यांनी माझ्याशी बोलावं एवढंच मला हवंय.

लोभ आहेच, पाकीट उघडल्यावरही राहू दे.
तुझा बिननोकरीचा भाचा,
पराग


उदगीर
२० जानेवारी २०२४

चि. परागला अनेक उत्तम आशीर्वाद.

खिमा शिजवला, खाल्ला. मूग ठीक आहे, हरभरा फार पुढे येतो. धागे आखूड आहेत, दाताखाली लगेच सुटतात. मटण जरा अडून बसतं. ओशटपणाही नाही, तेव्हा तेल शेवटी घाल.

मला मटण कसं ठाऊक म्हणून तू डोळे विस्फारशील, तेव्हा सांगूनच टाकते. सतराव्या वर्षी मला क्षय झाला होता. औषधं चालू होती, पण अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी बकऱ्याच्या पायांचा शोरबा, म्हणजे रस्सा, मांसासकट द्यायला सांगितलं. घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. दादा, म्हणजे तुझे बाबा, तेव्हा कॉलेजात होता. रोज अफझलगंजहून डब्यातून शोरबा आणायचा, दवाखान्यात बसून मला भरवायचा आणि आईला सांगायचा की काढा आहे. अडीच महिने त्यानं हे केलं. मी जगले. कुणाला सांगणार नाही अशी शपथ त्यानं घातली होती, ती मी आज मोडतेय.

तो तुझ्या खिम्यावर रागावलेला नाही रे. ते दिवस आठवले की त्याला सोसत नाही. हे पत्र त्याला वाचायला दे.

नेहाला आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो असाच असेल.
वासंतीआत्या


चिक्कडपल्ली
२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी चहाबरोबर तुझं पत्र बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

जेवताना, तुझ्या सांगण्याप्रमाणे हरभरा कमी करून, मूग वाढवून केलेला खिमा मी वाटीतून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती भिरकावतील या तयारीनं दाराला चिकटून उभा राहिलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा उद्योजक तो हा. त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग नेहाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अडीच महिने शोरबा नेला, पण स्वतः बोटही लावलं नाही. कसा लागतो हे वासंतीला विचारायचा धीर झाला नाही. मग वाटीकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, की तेव्हा तिला शोरबा असाच लागत असेल का.

मला काय कळणार? मी तसं सांगितलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि आम्ही दोघांनी वाटी संपवली.

त्यांना उत्तर तुझ्याच तोंडून हवंय. तू इकडे ये. गाडीची वेळ कळव, स्टेशनवर आणायला ते स्वतः येणार आहेत.

तुझा,
पराग